चिखलदऱ्याची डाळ

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिलं नाही. कारण सांगायची लाज वाटत होती. आता सांगतो.

मी घरी बिअर करतो. अमेरिकेत १९७९ पासून केंद्रीय कायद्याने घरच्यापुरती करता येते. आपल्याकडे १९४९ च्या दारूबंदी कायद्यामुळे परवान्याशिवाय नाही. पण लाज कायद्याची नव्हती. माझे मोठे काका दारूने गेले तेव्हा मी दहावीत होतो. काकूच्या गळ्यातली पोत त्याआधीच गेली होती. त्यानंतर अचलपूरच्या घरात 'दारू' हा शब्दसुद्धा कोणी काढत नसे.

तर मंडळी, कृती अशी. मोड आणून वाळवलेले जव भरडायचे आणि गरम पाण्यात तासभर भिजवायचे. या तासात पिठाची साखर होते. सगळा खेळ पाण्याच्या उष्णतेचा. ६० ते ६५ अंशांना एक एन्झाइम जोरात असतं, त्याने केलेली साखर यीस्ट जवळजवळ सगळी खाऊन टाकतं. ७० च्या आसपास दुसऱ्याचा जोर असतो, त्याची बरीचशी साखर यीस्टला खाता येत नाही, म्हणून बिअरला अंग येतं. मला मधलं हवं होतं, ६६. धान्य गार असतं, म्हणून पाणी जास्त तापवून घ्यावं लागतं. ५ किलो भरड २० अंशांवर असेल आणि पाणी १५ लिटर, तर पाणी साधारण ७२ ला हवं. (इथे सगळं फॅरनहाइटमधे चालतं, पण मला ताप सोडून बाकी सगळं सेल्सियसमधेच कळतं!)

सगळं वहीत मांडून केलं, तरी लागोपाठ चार वेळा बिअर पाण्यासारखी पातळ. थर्मामीटर तर मी आधीच तपासला होता. उकळत्या पाण्यात धरला, तर ९५ दाखवले. म्हणजे हा ५ अंश कमी दाखवतो, असं ठरवून प्रत्येक आकड्यात मी ५ मिळवत होतो.

एका रविवारी फोनवर आईला सहज म्हटलं, "माझा थर्मामीटर खोटा आहे. उकळत्या पाण्याला ९५ म्हणतो."

आई चिखलदऱ्याला काही वर्षं शिक्षिका होती. ती हसली. "अरे, तू डोंगरावर राहून राहिला ना? आमची डाय चिखलदऱ्याले कुकरबिगर शिजतच नव्हती. वर पाणी लवकर उकयते, पण तितकं तापत नाही. शायेत शिकला नाही का तू?"

शिकलो होतो. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०० मीटरवर आहे, इथे पाणी ९५ लाच उकळतं. चिखलदरा ११०० च्या आसपास. थर्मामीटर खराच होता. मी ६६ समजून दर वेळी ६१ वर भिजवत होतो.

मग तिने विचारलं, "पण तुले कायले पाहिजे हे?"

'दह्यासाठी' असं सांगता आलं असतं. तोंडापर्यंत आलंही होतं. पण सांगितलं खरं.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "किती पितो?"

"आठवड्याला दोन बाटल्या. बाकी मित्रांना देतो."

"तुह्या काकाचाही हिशेब दोनचाच होता," ती म्हणाली, आणि फोन ठेवला.

पुढच्या खेपेला पाणी बरोबर ७२ ला घेतलं, भरड ६६ वर बसली. बिअर छान झाली, अगदी हवी तशी. पण पहिला पेला घेताना आईचं वाक्य कानात होतंच. तेव्हापासून वहीत पाण्याच्या आकड्याशेजारी आणखी एक रकाना आखलाय, मी स्वतः किती प्यालो त्याचा. या रकान्यात मनाने पाच मिळवायचे नाहीत की वजा करायचे नाहीत.

आई आता दर रविवारी विचारते, "या आठवड्यात किती?" मी वही उघडून सांगतो. अजून आवाजात नाराजी असते, पण विचारते.

काकू, तुम्हीही हे वाचाल, माहीत आहे. तुम्हाला फोन करायचा आहे. या रविवारी करतो.