सेकंदाला आठ चित्रं

ॲनिमेच्या भक्तांना एक गोष्ट सांगितली की ते चिडतात: तुमच्या लाडक्या मालिकेत बहुतेक वेळ काहीच हलत नसतं. पटत नसेल तर फोनवर कुठलाही एपिसोड लावा, आवाज बंद करा आणि बघा. दोघं बोलतायत. हलतंय फक्त तोंड. मिटलेलं, अर्धं उघडं, पूर्ण उघडं, अशी तीन चित्रं आलटून पालटून. केस, खांदे, भुवया सगळं एकाच चित्रावर भागवलेलं. मग आभाळ येतं आणि कॅमेरा त्यावरून हळूच सरकतो. मग विजेच्या तारा, किड्यांची किर्रकिर्र. मग एक डोळा, त्यात पाणी. तुमच्या घशाशी आलेलं असतं आणि तिकडे चित्रं लागलेली असतात मोजून पाच-सहा.

मला हे दिसतं, कारण अडीच वर्षं मी हेच काम केलंय. गोवंडीहून हार्बरने वडाळा, तिथे गाडी बदलून अंधेरी. तिथल्या एका स्टुडिओत मी इन-बिटवीनर होतो. मोठा चित्रकार हात खाली असलेलं एक चित्र काढतो, हात वर असलेलं दुसरं काढतो. मधली सगळी आम्ही काढायची. पैसे चित्रावर. त्यामुळे घोळदार साडी नेसलेली बाई स्क्रीनवर चालत आली की आमच्या रांगेत उसासे पडायचे. टकला माणूस सगळ्यांना आवडायचा.

ही मोजामोजी टीव्हीच्या जपानी ॲनिमेशनच्या जन्मापासूनची आहे. १ जानेवारी १९६३ला ओसामू तेझुकाची ‘ॲस्ट्रो बॉय’ सुरू झाली. दर आठवड्याला अर्ध्या तासाचा भाग. पडद्यावर सेकंदाला २४ फ्रेम जातात. डिस्नेच्या सिनेमांत दर एक-दोन फ्रेमला नवं चित्र असायचं. त्या हिशेबाने गेलं असतं तर तेझुकाचा पहिला भाग कधी पुरा झाला असता कोण जाणे. म्हणून एक चित्र तीन फ्रेम ठेवायचं. सेकंदाला आठ. तेही परवडेना तेव्हा चित्र थांबवून ठेवायचं. ॲटम उडतानाची चित्रं एकदा काढली की जपून ठेवायची, पुढच्या भागात मागचं आभाळ बदलून पुन्हा वापरायची. याला तिकडे ‘बँक’ म्हणतात. आमच्या घरी आई दिवाळीच्या पणत्या पुसून कागदात गुंडाळून माळ्यावर ठेवते, तेच.

गंमत अशी की या चणचणीतून भाषा तयार झाली. तेझुकाच्या स्टुडिओत शिकलेल्या ओसामू देझाकीने १९७०मध्ये ‘आशिता नो जो’ केली. टोकियोच्या गरीब वस्तीतला एक पोरगा बॉक्सर होतो, अशी गोष्ट. पुढे देझाकीने एक रीतच पाडली: भावना टोकाला पोचली की हलणारं चित्र गोठवायचं आणि त्याचं जाड रेघांचं, रंगांनी भरलेलं पेंटिंग करून टाकायचं. ठोसा बसला, थांबा. बघा. फिरवाफिरवीच्या पन्नास चित्रांनी जे होत नाही ते त्या एका चित्राने होतं.

आणि मग ती भाषा मुंबईत आली, तीही क्रिकेट खेळत. १९६८ ते १९७१ या काळात जपानमध्ये ‘क्योजिन नो होशी’ नावाची बेसबॉलची मालिका गाजली. बाप माजी खेळाडू, पोराला मरेस्तोवर सराव करायला लावणारा. एक चेंडू फेकला की तो फलंदाजापर्यंत पोचेस्तोवर पोराचं सगळं बालपण आठवून व्हायचं. कारण साधं होतं: मूळ कॉमिक तेव्हा अजून छापून येत होतं, त्याला ओलांडून पुढे जायचं नव्हतं. चेंडू हवेत लटकवून ठेवणं भाग होतं. डोळ्यांत तर अक्षरशः ज्वाळा पेटायच्या. डिसेंबर २०१२मध्ये हीच गोष्ट ‘सूरज: द रायझिंग स्टार’ नावाने कलर्सवर आली. नायक मुंबईच्या झोपडपट्टीतला, बेसबॉलच्या जागी क्रिकेट. २६ भाग. फार कुणाला आठवत नाही. मला त्यातली वस्ती जरा जास्तच धुतलेली वाटली. आमच्या गल्लीत प्रत्येक पत्र्यावर निळी ताडपत्री असते आणि ताडपत्रीवर विटा, टायर, मोडकी सायकल. पण चेंडू हवेत थांबला, मागे रेघा धावायला लागल्या, तेव्हा मला तो आपलाच वाटला. शिवाजीनगरच्या गल्लीत बॉल नाल्याच्या दिशेने जातो ना, तेव्हा वेळ अगदी असाच ताणला जातो.

तरी या कमीपणाचं फार कौतुक करणारे लोक मला खटकतात. रिकाम्या चौकटीत त्यांना झेन वगैरे दिसतं. तेझुकाने पहिले भाग खर्चाहून कमी किमतीत विकले. तूट खेळण्यांच्या आणि चॉकलेटवाल्यांच्या पैशातून भरून काढायची असा बेत होता. १९७३मध्ये त्याचा मुशी प्रॉडक्शन बुडाला. किंमत मात्र पडली ती पडलीच. १९८९मध्ये तेझुका वारल्यावर हायाओ मियाझाकीने याच गोष्टीवरून त्याच्यावर उघड टीका केली. मधली चित्रं काढणारे तिकडेही चित्रावर पैसे घेतात आणि तिकडेही ते पुरत नाहीत. माझे शेवटच्या दोन महिन्यांचे अजून यायचे आहेत. आता मी एका छापखान्यात डिझाइन करतो, लग्नपत्रिका आणि फ्लेक्स, आणि रविवारी आमच्या अभ्यासिकेत पोरांना चित्रकला शिकवतो.

तिथे सातवीतली एक मुलगी येते. गणिताच्या वहीच्या कोपऱ्यात तिने धावत येऊन बॉल टाकणारा मुलगा काढलाय, पानं फरफर सोडली की तो पळतो. कुणी शिकवलेलं नाही. यूट्यूब बघून तिने ठरवलंय की ॲनिमेशनच करायचं. गेल्या महिन्यात तिचे अब्बा मला भेटायला आले. जरीचं काम करतात, अड्ड्यावर दिवसभर वाकून पाठीला बाक आलाय. वही त्यांनी तीनदा फरफर सोडून बघितली. हसले. मग कोर्सची फी, किती वर्षं, असलं काही न विचारता सरळ म्हणाले, “पीस का क्या मिलता है?”

मी आकडा सांगितला.

ते थोडा वेळ गप्प बसले. “बूटी का इससे ज़्यादा है,” म्हणाले.

मी म्हटलं, शिकून की-चित्रकार झाली तर जास्त मिळतात, बॅकग्राउंडवाल्यांना वेगळे मिळतात, गेमवाले बरे देतात. सगळं खरं होतं. ते मान डोलावत होते, पण बोटाने मनातल्या मनात काहीतरी मोजत होते. वही त्यांनी हातातून सोडली नव्हती. तेवढ्यात मुलीने ती ओढून घेतली आणि मला विचारलं की बॉल हातातून सुटल्यावर हवेत किती पानं ठेवायचा. एकेका पानावर वेगळा काढून तिची बोटं दुखत होती.

“प्रत्येक पानावर पुढे सरकवू नकोस,” मी म्हटलं. “तीन पानं एकच चित्र ठेव. मग सरकव.”