अस्मिता नावाचा क्लेश

‘अस्मिता’ म्हटलं की आपली छाती कशी फुगते! मराठी अस्मिता, प्रादेशिक अस्मिता... पण पतंजलींच्या योगसूत्रांतला दुसरा पाद उघडा. तिथे हीच अस्मिता चक्क ५ क्लेशांच्या यादीत बसलीय. अविद्या, अस्मिता, राग (म्हणजे आसक्ती), द्वेष आणि अभिनिवेश. पाहणारा वेगळा, पाहण्याचं साधन वेगळं. दोन्ही एकच वाटायला लागली की झाली अस्मिता.

माझ्यापुरतं सांगायचं तर, मी म्हणजे माझी बायलाइन. लेखावर संपादकाची कात्री चालली की माझंच बोट कापल्यासारखं वाटतं. तुमच्या बाबतीत ते डेसिग्नेशन असेल, नाहीतर अप्रेझलचं रेटिंग.

पतंजली अहंकाराशी कुस्ती खेळायला सांगत नाहीत. क्लेशांच्या वृत्ती ध्यानाने शमवायच्या, एवढंच सांगतात. म्हणून तसला मेल आला की मी लगेच उत्तर टाइप करत नाही. नुसतं बघते. कान तापलेत, जबडा आवळलाय, श्वास वरच्या वर चाललाय. संताप लगेच जातो असं नाही. पण तो आणि मी यांच्यात जराशी फट पडते.

भांडते मी अजूनही. पण वाक्यासाठी, स्वतःसाठी नाही.