ग्वाल्हेरचं बिऱ्हाड

परगावी शिकायला गेलं की वर्गाच्या आधी तिथली सकाळ शिकवायला लागते. दूधवाला किती वाजता येतो, नळाला पाणी किती वेळ असतं, गल्लीत पहिली हाक कुणाची ऐकू येते, एवढं अंगवळणी पडेपर्यंत त्या गावात आपण पाहुणेच. मी कोल्हापूरकडची. ग्वाल्हेर गायकी तिच्या घरी जाऊन शिकावी म्हणून ग्वाल्हेरच्या राजा मानसिंह तोमर संगीत आणि कला विद्यापीठात आले, आणि लष्कर भागातल्या एका मराठी वाड्यात वरची खोली घेतली.

दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या दक्षिणेला छावणी घातली, तिचंच पुढे शहर झालं आणि नाव लष्करच राहिलं. त्या फौजेबरोबर आलेल्या घराण्यांचे वंशज अजून या गल्ल्यांतून राहतात. वाड्यातल्या काकू त्यांपैकीच. पौषातल्या पहाटे मी खाली उतरले की त्या देवघरातूनच म्हणायच्या, "धुकं पडून राहिलंय ग, शाल घेऊन जा." त्यांच्या घरात पुरणाला तूप आपल्यासारखंच सुटायचं, पण रविवारी सकाळी न्याहारीला बेडई आणि बटाट्याची तिखट रस्साभाजी यायची. संक्रांतीला तिळगुळाच्या वाटीशेजारी मुरैन्याची गजक असायची. ताटातला हा शेजार मला फार आवडायचा.

इथली थंडी आपल्याला ठाऊक नसते. दाट धुक्यात समोरचा किल्ला सकाळी अख्खाच्या अख्खा नाहीसा होतो आणि दहा-अकराच्या सुमाराला आधी मानमंदिराचे घुमट, मग निळ्या फरशांची ओळ असा हळूहळू परत येतो. गारठ्यात तंबोऱ्याच्या तारा उतरलेल्या, बोटं आखडलेली. षड्‌ज लावायचा तर आधी तळहात एकमेकांवर घासायचे. उन्हाळ्यात सगळं उलटं. जेठात लू सुटली की दुपारी रस्ते ओस पडतात, खिडक्यांना ओले पडदे लागतात आणि रियाज पहाटे चारकडे सरकतो. रागांच्या वेळा मी पुस्तकात वाचल्या होत्या. त्या वेळा शरीराने पाळायच्या असतात, हे मला ग्वाल्हेरच्या हवेनं शिकवलं.

वर्गातही बरंच नव्यानं मांडावं लागलं. गावी मी अतिविलंबित लयीत एकेका स्वरापाशी रेंगाळत बढत करायला शिकले होते. इथे गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं, आधी स्थायी आणि अंतरा दोन्ही पुरते मांड, बंदिशीचा चेहरा दिसू दे, मग पुढे जा. तिलवाडा तालाची लय मध्यलयीकडे झुकलेली, आवाज मोकळा आणि भरदार, आकार स्वच्छ, मग बहलावे, बोलअंग, शेवटी तिन्ही सप्तकांत सरळ धावणारी सपाट तान. राग बहुतेक सगळे ओळखीचे, यमन, भूप, अल्हैया बिलावल. अनवट रागाच्या नवलाईवर इथे गाणं उभं राहत नाही. जो यमन सगळ्यांना येतो तोच पुन्हा गायचा आणि त्यात काही सापडेपर्यंत गात राहायचं. रोजच्यावर असा विश्वास ठेवणारी गायकी मी दुसरी पाहिली नाही.

सुटीच्या दिवशी मी किल्ल्याच्या पूर्वेकडच्या चढणीनं जायची. वाटेत एका खडकात कोरलेलं चतुर्भुज मंदिर आहे. तिथला संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा शिलालेख पाहायला जगभरातून गणिताचे लोक येतात, कारण त्यात शून्य वर्तुळासारखं कोरलेलं आहे. मजकूर मात्र अगदी घरगुती. देवाच्या फुलबागेची लांबी २७० हात, आणि माळ्यांनी रोज ५० माळा द्यायच्या. शून्याची ही इतकी जुनी, इतकी स्पष्ट खूण आपल्याला मिळाली ती रोजच्या फुलांच्या हिशोबात. त्या कोरीव आकड्यांसमोर उभी राहिले की माझ्या रोजच्या पलट्यांचा कंटाळा पार निघून जायचा.

कोल्हापूर-मिरजेकडून ग्वाल्हेरला शिकायला येणारी मी पहिली नव्हे. मिरजेजवळच्या बेडग गावी १८४९ साली जन्मलेले बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर गाण्यासाठी घर सोडून निघाले. धारला देवजीबुवांकडे शिकले आणि पुढे ग्वाल्हेर घराण्याच्या हस्सू खाँचे शिष्य वासुदेवबुवा जोशी यांच्याकडे ग्वाल्हेरला आले. तो काळ गुरूच्या घरची कामं करून आणि माधुकरीवर गुजराण करून शिकण्याचा. बुवांनी ही विद्या दक्षिणेत नेली. मिरजेत त्यांच्यापाशी विष्णु दिगंबर पलुस्कर शिकले आणि पलुस्करांनी १९०१ साली थेट लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं. आज मिरज आणि ग्वाल्हेर ही दोन्ही स्टेशनं गोवा एक्स्प्रेसच्या एकाच मार्गावर आहेत. वरच्या बर्थवर आडवी पडून मी जो प्रवास केला, त्यातल्या प्रत्येक नदीवर मला बुवांची आठवण झाली.

ही ये-जा एकाच दिशेनं झाली नाही. ग्वाल्हेरचे महाराज माधवराव शिंद्यांनी दरबारचे गवई मुंबईला संगीतशास्त्री भातखंड्यांकडे स्वरलेखन शिकायला धाडले. गुरू म्हणून मानले जाणारे लोक परक्या शहरात पुन्हा विद्यार्थी होऊन बसले. त्यांच्याच बळावर १९१८ साली ग्वाल्हेरला माधव संगीत विद्यालय उभं राहिलं. त्याही आधीची एक गोष्ट मला सगळ्यांत मोलाची वाटते. दरबाराचा आश्रय सुटल्यावर हद्दू खाँ-हस्सू खाँच्या परंपरेतले उस्ताद निसार हुसेन खाँ गवई शंकरराव पंडितांच्या घरी राहिले. मराठी ब्राह्मणाच्या घरात मुसलमान उस्ताद घरचे होऊन राहिले आणि त्या घरात ही गायकी पुढच्या पिढीला मिळाली. शंकररावांचे चिरंजीव कृष्णराव शंकर पंडित तिथेच घडले. त्यांनी १९१४ साली वडिलांच्या नावानं ग्वाल्हेरात शंकर गांधर्व महाविद्यालय सुरू केलं. ग्वाल्हेर घराणं हे नुसतं दरबाराचं देणं नव्हे. कुणीतरी कुणालातरी आपल्या घरात जागा दिली, म्हणून ते तगलं.

हे मला काकूंच्या वाड्यात राहिल्यामुळे उमगलं. परीक्षेच्या दिवसांत त्या मला न विचारता गरम दूध वर पाठवत. तापानं पडले तेव्हा शेजारच्या खाँसाहेबांच्या घरून खिचडी आली. ग्वाल्हेरच्या हजिरा भागात तानसेनाच्या कबरीजवळच्या चिंचेचा पाला खाल्ला की गळा खुलतो असं गवई पिढ्यान्‌पिढ्या मानत आलेत. तो पाला मला आणून दिला तो याच खाँसाहेबांच्या नातवानं. पदवीच्या कागदावर यातलं काही येत नाही, पण माझ्या गाण्यात आलं आहे.

ग्वाल्हेरला २०२३ साली युनेस्कोनं संगीतनगरी म्हणून मान दिला, याचा मला अभिमान आहे. पण गावाला असा मान मिळतो तो परक्या विद्यार्थ्याला दार उघडणाऱ्या घरांमुळे, असं माझं ठाम मत झालं आहे. आज पुण्यात, मुंबईत, कोल्हापुरात दूरच्या प्रांतातून आलेली मुलं खोलीसाठी दारोदार फिरतात आणि आडनाव ऐकून किंवा खाणंपिणं विचारून त्यांना परत पाठवलं जातं. माझी तुम्हाला विनंती आहे, असा मुलगा किंवा मुलगी तुमच्या दारी आली तर आधी ती काय शिकायला आली आहे ते विचारा. आणि जमलं तर खोली द्या.