बारावे छायाचित्र

माझे वडील पालघर स्थानकावर सांधेवाले होते. रुळांचे सांधे बदलावेत, न थांबणाऱ्या गाडीला हिरवे निशाण दाखवावे, हे त्यांचे काम. विरारपर्यंत विजेच्या गाड्या १९३६ सालीच आल्या होत्या; पण आमच्या बाजूस १९६८ मध्येही वाफेच्या इंजिनांचा दरारा होता. त्यांतल्या डब्ल्यू. पी. जातीच्या इंजिनाचे मला विलक्षण वेड. पुढे निमुळते नाक आणि त्यावर चांदणी! ते धडधडत आले, की पायांखालचा फलाट थरथरे.

त्या वर्षी मामा बोईसरला राहत असे. तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बांधकामावर तो कामास होता. नाताळच्या सुटीत त्याने आपला पेटीसारखा कॅमेरा माझ्या हाती दिला.

"आत बारा चित्रांची फिल्म आहे, जपून वापर," तो म्हणाला. "भल्या सकाळी जा. गार हवेत वाफेचे बारीक थेंब होतात आणि ती पांढरीशुभ्र दिसते. दुपारी ती लगेच विरून जाते. आणि सूर्य पाठीशी असू दे."

चार सकाळी मी फलाटाच्या टोकाशी उभा राहिलो. अकरा चित्रे संपली. तेव्हा वडील जवळ आले. टोपी नीट करीत, काहीसे संकोचून म्हणाले, "एक माझंही काढतोस का रे?"

"एकच उरलं आहे, अण्णा. ते मेलसाठी ठेवलं आहे."

"बरं, बरं," म्हणत ते निशाण घेऊन आपल्या जागी गेले. गाडी आली; मी कळ दाबली.

पंधरा दिवसांनी चित्रे हाती आली. बाराही चित्रांत धावते इंजिन म्हणजे नुसता काळसर फराटा! कॅमेऱ्याची झडप मंद होती. ती उघडून मिटेपर्यंत गाडी पुढे सरकलेली असे. मी हिरमुसलो. चित्रे ट्रंकेच्या तळाशी गेली.

पुढे या मार्गावरही विजेची इंजिने आली. नवल असे, की १९६९ पासून तारापूरला वीज होऊ लागली, तीही अणूच्या उष्णतेने पाण्याची वाफ करूनच. रुळांवरची वाफ मात्र गेली. १९९५ मध्ये देशातील रुंदमापी मार्गांवरून वाफेच्या इंजिनांनी निरोप घेतला. १८५५ सालची 'फेअरी क्वीन' आज वारसा म्हणून जपली जाते. असे जुने इंजिन कोठे धावले, की लोक कॅमेरे घेऊन दुतर्फा उभे राहतात.

वडील त्याआधीच गेले होते. त्यांचे एकही छायाचित्र घरात नाही, म्हणून आई हळहळे. एकदा ट्रंक आवरताना बारावे चित्र हाती लागले. मध्ये तोच फराटा. पण कडेला निशाण धरून वडील उभे होते. टोपीची घडी, निशाणाची काठी, सारे स्पष्ट! गाडी धावत होती. ते मात्र निश्चल उभे होते, म्हणूनच नीट उमटले होते.

आईने चित्र पदराने पुसले. "तूच काढलास ना रे हा फोटो?"

मला 'हो' म्हणवेना. मी तर इंजिनाकडे पाहत होतो.