बैठकीची उंची

एखाद्या घरीं नवें कपाट आलें, तर शेजारीपाजारी तें कौतुकानें पाहून जातात. आमच्या घरीं गेल्या वर्षभरांत तीन स्टुलें आलीं. पण तीं पाहावयास कोणी आलें नाहीं. तें बरेंच झालें, कारण पहिल्या दोन स्टुलांनीं माझ्या अकलेचें जें प्रदर्शन मांडलें होतें, तें चारचौघांनीं पाहण्यासारखें नव्हतें. तथापि ह्या तीन स्टुलांच्या पायीं मला एक साधी गोष्ट कळली. ती कळावयास मला ५४ वर्षें लागलीं, म्हणून ती वाचकांपुढें ठेवीत आहें.

माझी आई ७९ वर्षांची आहे. तिच्या हयातीचा पूर्वार्ध आमच्या वाईच्या जुन्या घरांत, चुलीपुढें बसून गेला. तें स्वयंपाकघर मला चांगलें आठवतें. बसावयास बोटभर उंचीचा पाट, विळीला तिचा स्वतःचा पाट, त्यावर पाय दाबून बसावयाचें, पोळपाट तीन ठेंगण्या पायांवर उभा, जातें जमिनीलगत. प्रत्येक वस्तूची उंची खालीं बसलेल्या माणसाच्या हाताला बेतलेली होती. त्या स्वयंपाकघराचे गोडवे मला गावयाचे नाहींत. तेथील धुरानें माझ्या आजीचे डोळे अधू झाले, आणि उठबस करून आईचे गुडघे तेथेंच झिजूं लागले असावे. पण बसणें हा कामाचाच एक भाग आहे, एवढें तरी त्या घराला ठाऊक होतें.

पुढें आम्ही पुण्यास आलों. गॅस आला, ओटा आला. अग्नि कमरेपर्यंत वर चढला, आणि त्याच्याबरोबर आईहि उठून उभी राहिली. सगळें स्वयंपाकघर दोन-अडीच फूट वर सरकलें. बसण्याची सोय तेवढी खालींच राहून गेली. पुढचीं ४० वर्षें आई उभी होती, आणि ती उभी आहे हें आमच्यापैकीं कोणाच्या ध्यानांतहि आलें नाहीं.

दोन वर्षांपूर्वीं गुडघ्यांनीं हात टेकले. जमिनीवर बसावयाचें नाहीं आणि फार वेळ उभेंहि राहावयाचें नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावलें. आम्ही मोठ्या उदार मनानें आईला विश्रांति देऊन टाकली. पोळ्यांना बाई लावली, आणि बाहेरच्या खोलींत आईसाठीं मऊ गादीची खुर्ची मांडली. ती खुर्चींत बसे, पण तिचे कान स्वयंपाकघरांत असत. लाटण्याच्या आवाजावरून कणीक सैल झाली आहे कीं घट्ट, हें ती बाहेरूनच सांगे. एके दिवशीं संध्याकाळीं ती मला म्हणाली, "अरे, मला असं बसवून ठेवूं नका. बसायला जागा द्या."

ह्या वाक्याचा अर्थ मीं माझ्या मतीप्रमाणें लावला, आणि दुसऱ्या दिवशीं स्टूल घ्यावयास बाहेर पडलों.

आमच्या सदनिकेंत स्वयंपाकघर आणि बाहेरची खोली यांच्यामध्यें ३६ इंच उंचीचा एक ग्रॅनाइटचा कट्टा आहे. बाहेरच्या बाजूस तो फूटभर पुढें आलेला असल्यामुळें बसणाऱ्याचे गुडघे त्याच्याखालीं जाऊं शकतात. दुकानदारानें मला एक चकचकीत स्टूल दाखविलें, आणि त्याचें नांव 'बार-स्टूल' असें सांगितलें. "अस्सं? आतां स्वयंपाकघरांत बार!" असें म्हणून आईनें त्याचें स्वागत केलें. त्याची बैठक ३० इंचांवर होती. तिला हात देऊन वर चढविलें, तों तिच्या मांड्या कट्ट्याच्या कडेला अडल्या, आणि पाय बांधावर बसविलेल्या लहान मुलासारखे लोंबूं लागले. ती कांहीं बोलली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून त्या स्टुलावर जुनीं वर्तमानपत्रें बसूं लागलीं.

मग मी शहाणा झालों; म्हणजे खरेदी करून झाल्यावर जी चौकशी आधीं करावयाची, ती करूं लागलों. नियम अगदीं सोपा आहे. बैठक आणि वरील फळी यांच्यामध्यें १० ते १२ इंच अंतर असावें. जेवणाचें मेज २९-३० इंचांचें, म्हणून खुर्चीची बैठक १७-१८ इंचांवर. ३६ इंचांच्या कट्ट्याला २४ ते २६ इंचांचें स्टूल. आणि ३० इंचांचें स्टूल हवें तें ४२ इंचांच्या उंच फळीपुढें, जशी ती मद्यगृहांत असते. गादी असेल तर ती दाबून उंची मोजावी, कारण माणूस बसल्यावर ती खालीं जाते. पाय टेकावयास आडवी दांडी अवश्य असावी, नाहींतर मांडीची मागची बाजू आवळून पायांना मुंग्या येतात. दोन स्टुलें शेजारीं मांडावयाचीं, तर मध्याशीं मध्य दोन फूट धरावा.

ह्या शास्त्राप्रमाणें मीं २५ इंचांचें, पाठ टेकावयाची सोय असलेलें दुसरें स्टूल आणलें. आई त्यावर बसली, तिनें चहा घेतला, आणि "हें बरं आहे" असेंहि ती म्हणाली. मी कृतकृत्य झालों. चार दिवसांनीं मीं पाहिलें, तर ती त्याच स्टुलावर बसून पोळी लाटीत होती. तिचे खांदे कानांपर्यंत चढले होते. लाटण्यावर भार पडत नव्हता, आणि पोळी एका कडेला जाड राहात होती. तिनें लाटणें बाजूला ठेवलें. "हात वर चढतो रे," एवढेंच ती म्हणाली, आणि भिंतीला धरून बाहेरच्या खुर्चींत जाऊन बसली.

माझी चूक आतां मला दिसली. तो १० ते १२ इंचांचा नियम खोटा नव्हता. पण तो बसून खाणाऱ्याचा नियम होता, बसून काम करणाऱ्याचा नव्हता. खाणाऱ्याचा हात ताटापासून तोंडाकडे वर जातो; लाटणाऱ्याचा भार खांद्यांतून खालीं उतरावा लागतो. त्याला फळी कोपराच्या पातळीला, शक्य तर किंचित् खालींच हवी. हा विचार जगांत कोणीं केलाच नव्हता असें नाहीं. १९२६ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट शहराच्या नव्या वसाहतींसाठीं मार्गारेटे श्यूटे-लिहोत्स्की ह्या वास्तुशिल्पकार स्त्रीनें एक आटोपशीर स्वयंपाकघर आंखलें. त्यांत खिडकीपाशीं कामाची फळी होती, आणि तिच्यापुढें उंची कमी-जास्त करतां येणारें फिरतें स्टूल होतें. बसून काम करणाऱ्या बाईची गणना तेथें चुलीइतकीच आवश्यक म्हणून झाली होती. मीं मात्र कट्टा मोजला होता, स्टूल मोजलें होतें, दुकानापासून घरापर्यंतचें रिक्षाचें भाडेंहि मोजलें होतें. आईला मोजावयाचें तेवढें राहून गेलें होतें.

त्या रविवारीं मी टेप घेऊन तिच्यापुढें जमिनीवर बसलों. लहानपणीं माझे सदरे ती घरींच शिवी, आणि मापें घेतांना "हलूं नकोस" म्हणून मला दटावी. आतां मीं तिला तेंच सांगितलें, तेव्हां ती हंसली. गुडघ्याच्या वांकापासून टांचेपर्यंत १५ इंच. बैठकीपासून कोपरापर्यंत ८ इंच. मांडीची जाडी ५ इंचांहून थोडी कमीच. माझ्या मनांत आई नेहमीं उंच होती. ते आंकडे कागदावर लिहितांना माझा हात थोडा थबकला.

कागद घेऊन मी ओळखीच्या सुताराकडे गेलों. त्यानें हिशेब पाहिला आणि आईला वर चढवावयाचा माझा बेत एका वाक्यांत मोडून काढला. "साहेब, कट्टा खालीं आणा कीं!" कट्ट्याच्या पुढें आलेल्या भागाखालीं, जमिनीपासून २३ इंचांवर, त्यानें पाऊण इंच जाडीची एक उघडमीट करणारी फळी बसविली. बैठक १७ इंचांची केली, कारण त्याहून खालीं बसलें तर दुखऱ्या गुडघ्यांनीं उठणें अवघड जातें. आणि पाय टेकावयास २ इंच उंचीचें एक पाऊल-फळकूट दिलें. पोळपाटाची उंची २ इंच. म्हणजे पोळपाट आणि आईचें कोपर दोन्हीं बरोबर २५ इंचांवर आलीं, आणि मांड्यांना खालीं जागाहि उरली. हें तिसरें स्टूल कोणत्याहि दुकानांत नांव न सांगतां ओळखतां येईल असें नाहीं; तें फक्त आमच्या आईच्या मापाचें आहे.

एक अडचण मात्र राहिली. फळी खालीं आली तरी तवा वरच राहिला. लाटणाऱ्याला भाजतां येईना. सौ. सकाळीं माझ्याआधीं कामावर जाते. तेव्हां उलथणें माझ्या हातीं आलें. पहिल्या दिवशींच्या चार पोळ्या मीं करपविल्या. आई खालून माझ्याकडे न पाहतांच म्हणाली, "वास आला. उलट." वाईच्या घरीं आजी लाटी आणि आई भाजी, हें मीं लहानपणीं पाहिलें होतें, तेथें माझी जागा पाटावर, ताटापुढें होती.

बाई आतां फक्त सायंकाळच्या पोळ्यांना येतात. सकाळच्या आमच्या असतात. त्या बऱ्याच गोल असतात, आणि ज्या काळ्या पडतात त्या मी माझ्या डब्यांत नेतों.