वाळवंटाच्या पोटातलं पाणी

इराणमधलं यज्द शहर मागे पडलं आणि समोर नुसतं वाळवंट पसरलं. करडं, पिवळं, मध्येच तांबूस. भर उन्हाळ्यात मी माणदेश हिंडलोय, पण तिथल्या माळावरही चार बाभळी असतातच. इथे त्यांचंही नाव नाही. वर्षाला जेमतेम ५०-६० मिलिमीटर पाऊस! जुलैत आपल्या महाबळेश्वरला एका दिवसात याहून जास्त कोसळतो. अशा मुलखात आमच्या पिढ्यान्‌पिढ्या नांदल्या? पुण्यात इराणी हॉटेल चालवणारे आजोबा गावाचा विषय निघाला की डाळिंबांवरच बोलत. इथे तर गवताची काडीही दिसेना!

आणि मग तफ्त आलं, आजोबांचं गाव. काय सांगू! पाठीशी शीरकूहचा डोंगर, ४,००० मीटरच्या वर गेलेला. दोन कळसूबाई एकावर एक रचल्या तरी त्याच्या माथ्याला पोहोचणार नाहीत. शिखर उघडंबोडकं, पायथ्याशी मात्र बागाच बागा. ऑक्टोबर महिना, डाळिंबांचा तोडा चाललेला. मातीच्या कुंपणभिंतींवरून फांद्या गल्लीत लवल्यात, फळं झाडावरच उकललीत आणि आतला लाल रंग उन्हात नुसता पेटलाय. एक फळ फोडून दाणे तोंडात टाकले. आपल्या सांगोल्याचा भगवा पहिल्या दाण्यालाच गोड लागतो. हे आधी आंबट लागलं, मग गोडी सावकाश जिभेवर चढली.

घरं मातीचीच, भुसा कालवलेल्या चिखलाने लिंपलेली. मराठवाड्यातली माळवदं आठवली. फक्त इथल्या छपरांवर वाऱ्याचे मनोरे उभे आहेत, बादगीर. वरची झुळूक पकडून ते खाली घरात सोडतात. मनोऱ्याखाली उभा राहिलो आणि गार वारा थेट डोक्यावर उतरला. पंखा नाही, वीज नाही!

एका झरथुष्ट्री घराच्या उंबऱ्यावर आजीबाई उभ्या होत्या. डोक्याला हिरव्या-तांबड्या पट्ट्यांचं वस्त्र, हातात गुलाबदाणी. त्यांनी माझ्या ओंजळीत गुलाबपाणी शिंपडलं आणि समोर आरसा धरला. पाहुण्याच्या स्वागताची ही इथली रीत. आपल्याकडे लग्नात अत्तर-गुलाब होतं ना, तेच आठवलं. चेहऱ्याला गुलाबाचा वास, समोर आरशात माझाच चेहरा आणि मागे आजोबांच्या गावची भिंत. डोळे भरून आले.

पण एवढ्या बागांना पाणी येतं कुठून? उत्तर पायाखाली होतं. डोंगराच्या कुशीत खोल विहीर खणायची, पाणी लागलं की गावाच्या बाजूने खणत तिथपर्यंत भुयार न्यायचं, गावाकडे किंचित उतार ठेवून. हेच ते कारीझ. पाणी आपल्या उतारानेच वाहत येतं; वर ऊन कितीही तापो, आत ते आटत नाही. हवा यावी, माती उपसता यावी म्हणून ठरावीक अंतरावर उभे झरोके पाडतात. वाळवंटात त्यांच्या तोंडाभोवती मातीच्या कड्यांची रांगच रांग दिसते. झारचचं कारीझ ७० किलोमीटरहून लांब आहे. पुण्यात सुरू केलं तर थेट खंडाळा गाठेल! आणि हे सगळं खणलं मुकन्नींनी, म्हणजे कारीझ खणणाऱ्यांनी, हाताने, दिव्याच्या उजेडात, जीव मुठीत धरून. २०१६ साली इराणमधली अशी ११ कारीझं युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आली. पाण्याच्या वाटणीचा हिशेबही चोख. तळाला बारीक भोक पाडलेला तांब्याचा वाडगा पाण्यावर तरंगत ठेवायचा. तो भरून बुडला की एक हिस्सा संपला. आपल्या लग्नात मुहूर्त मोजायला घटिकापात्र असे, अगदी तसंच.

पुढे चकचकला गेलो, पीर-ए-सब्जच्या दर्शनाला. भाजून काढणारा कडा, त्याच्या पोटात देवस्थान. शेवटचा सासानी राजा तिसरा यज्दगर्द, त्याची मुलगी निकबानू शत्रूपासून पळत इथवर आली आणि डोंगराने तिला पोटात घेतलं, अशी श्रद्धा आहे. आत शिरतो तर टप्, टप्... खडक ठिबकतोय! कोरड्या डोंगरात, संगमरवरी फरशीवर. दर जूनला दूरदूरचे झरथुष्ट्री इथे यात्रेला येतात. पंढरीला टाळ-मृदंगाच्या गजरात ऊर भरून येतो, इथे त्या ठिबकण्याने आला.

तफ्तला परतल्यावर बागेतल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने विचारलं, ‘तुमच्या मुंबईत पाऊस किती?’ म्हटलं, ‘दोन हजार मिलिमीटरच्या वर.’ त्याने फावडं खाली ठेवलं. ‘मग एवढं पाणी ठेवता कुठे?’

मला मलिक अंबरची नहर आठवली. सतराव्या शतकात त्याने छत्रपती संभाजीनगरला पाणी आणलं, ते अशाच भुयारी वाटेने. ही विद्या आपल्या मातीतही रुजली होती. ती आपण जपायला हवी, तळमळीने जपायला हवी. माझ्या मुलांना मी तफ्तला नेणार आहे. वाडवडिलांचं घर त्यांना नंतर दाखवीन. आधी भुयाराच्या तोंडाशी बसवीन आणि त्या गार पाण्यात हात घालायला लावीन. ज्यांनी ते खणलं, ते आमचे पूर्वज, हे त्यांना तिथेच सांगायचं आहे.