बारा नंबर कोण?

नवे शिक्षक वर्गात येतात. त्यांना फक्त हजेरी क्रमांक ठाऊक असतात. ते विचारतात, "बारा नंबर कोण?" ऐकतात सगळे, पण एकच जण उठून आपले नाव सांगतो.

शाळेच्या संगणक कक्षातही असेच घडते. तिथे प्रत्येक संगणकाला दोन पत्ते असतात. आयपी पत्ता हजेरी क्रमांकासारखा बदलू शकतो. 48 बिटांचा मॅक पत्ता मात्र कारखान्यातच मिळतो. शेजारच्या संगणकाला निरोप द्यायचा, तर हा दुसरा पत्ता लागतो. तो ठाऊक नसला, की संगणक सर्वांना विचारतो, "हा आयपी पत्ता कोणाचा?" ज्याचा असेल, तोच उत्तर देतो. विचारणारा ते काही वेळ टिपून ठेवतो. ही रीत डेव्हिड प्लमर यांनी 1982 साली मांडली. तिला एआरपी म्हणतात.

तिचा साधेपणा मला आवडतो. भोळेपणा मात्र खटकतो. गैरहजर मित्राच्या जागी कोणी "हजर" म्हटले, तर शिक्षक निदान चेहरा पाहतात. एआरपी तेही पाहत नाही. एखादा लबाड संगणक "तो मीच" म्हणाला, तर दुसऱ्याचे निरोप त्याच्या हाती पडू शकतात. म्हणून महत्त्वाचे निरोप आज सांकेतिक रूपात पाठवतात. आपणही उत्तर जरूर ऐकावे. पण उत्तर देणारा कोण, हेही पाहावे.